सतरावी नोंद

भाऊंच्या जेवणाच्या डब्यात रोज एक चिठ्ठी असायची. ‘पोळ्या चार, वांग्याची भाजी, कांदा एक. बांधणारा –’ आणि पुढे त्यांची सही. डबा भरायची त्यांची बायको, पण फडक्याची गाठ भाऊ स्वतः मारायचे, म्हणून सही त्यांची. दुपारच्या सुट्टीत डबा उघडला की ते आधी चिठ्ठी वाचायचे, आतला माल तिच्याशी ताडून पाहायचे, चिठ्ठी घडी करून खिशात ठेवायचे आणि मगच घास घ्यायचे.

आम्ही हसायचो. कुणीतरी म्हणायचं, “भाऊ, घरून इथवर येता येता पोळी उडून जाते काय?”

“उडत नाई,” ते म्हणायचे. “पण बांधणाऱ्याचं नाव पाह्यजे. गाठ सुटली तं कोणाले पकडाचं?”

गडचांदूरच्या बाजूच्या एका सिमेंट कारखान्यात आम्ही दोघं कामाला होतो. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. धूळ गाळण्यासाठी तिथं माणसाहून उंच अशा कापडी पिशव्या टांगलेल्या असत. त्या शिवायचं आणि सांधायचं काम भाऊंकडे होतं. त्याआधी वीस वर्षं ते फौजेत हवालदार होते, पॅराशूट बांधायच्या खात्यात. उडी मारणारे वेगळे, बांधणारे वेगळे. कारखान्यातल्या पिशव्यांवरही ते आतल्या बाजूनं, कुणाला कधी दिसणार नाही अशा जागी, सुईनं आपलं नाव घालायचे.

मी चुनखडीच्या खाणीत सर्वेक्षणाच्या कामावर होतो. तिपाईवरच्या दुर्बिणीतून उंची-अंतरं मोजायची आणि वहीत लिहायची. म्हणून भाऊ मला ‘दुर्बीणवाल्या’ म्हणायचे. माझं वय सव्वीस होतं, आणि माझ्या आकड्यांत कधी चूक निघत नाही याचा मला फार गर्व होता. हे आधीच सांगून ठेवतो.

त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा दारातच त्यांच्या बायकोनं ओठांवर बोट ठेवलं. त्यांना सगळेच बाई म्हणायचे. आत भाऊ जमिनीवर गुडघे टेकून एका लुगड्याची घडी घालत होते. डावीकडे एक वळण, उजवीकडे एक, पुन्हा डावीकडे, नागमोडी. प्रत्येक वळणाला तळहातानं हवा बाहेर काढायची. मला ठाऊक नव्हतं, मी म्हणालो, “जयभीम, भाऊ.”

त्यांनी वर पाहिलं, लुगडं उचलून झटकलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

“झालं,” बाई म्हणाल्या. “आता अर्धा तास बसा. घडी घालताना कोनी बोललं का पुन्हा पहिल्यापासून. माह्या लग्नापासून पाहून राह्यली मी. लेकरू झालं तवा दवाखान्यात दुपटं गुंडाळून राह्यले होते, नर्स बोलली, तं पुन्हा उकललं. लेकरू थंडीनं निळं पडाले आलं होतं.”

“निळं नाई पडलं,” भाऊ घडीवरून नजर न काढता म्हणाले आणि लगेच थांबले. आता ते स्वतःच बोलले होते. त्यांनी लुगडं पुन्हा झटकलं.

बसस्टँडवरही त्यांची तीच तऱ्हा. टपावर चढून परक्यांच्या बोचक्यांच्या गाठी सोडायचे आणि नव्यानं बांधायचे. सुरुवातीला कंडक्टर शिव्या द्यायचे. पुढं चंद्रपूरच्या गाडीचा कंडक्टर त्यांची वाट पाहू लागला, कारण घाटात त्याच्या टपावरून काही पडायचं बंद झालं होतं. ‘अंदाजे’ हा शब्द त्यांना खपत नसे. कुणी म्हटलं, की ते शांतपणे सांगायचे, “अंदाजानं भाजीत मीठ टाका, बाप्पा. दोरीत नाई.”

त्यांच्या पलंगाखाली एक लोखंडी पेटी होती. फौजेनं बाद केलेल्या मालाच्या लिलावात घेतलेलं चौकोनी पॅराशूट तिच्यात होतं. ते त्याला छत्री म्हणायचे. भोकं त्यांनी इतक्या सफाईनं बुजवली होती की ठिगळ बोटाला लागायचं, डोळ्याला दिसायचं नाही.

छत्री कशासाठी हे त्यांनी मला लवकर सांगितलं नाही. सांगितलं ते एका रविवारी, डोंगराच्या पायथ्याशी. खाणीच्या पलीकडे, माणिकगडच्या रांगेत, एक सरळ तुटलेला कडा आहे. त्या काळी तिथं गिधाडं बसत. आम्ही खाली बसून ती पाहत होतो.

“पाह्य, उतरताना मांगची पिसं कशी पाडते. झपकन येते अन् कड्यापाशी आलं का हवेतच उभं राह्यते. त्याले ब्रेक हाये.”

मग त्यांनी छत्रीच्या ब्रेकबद्दल सांगितलं. चौकोनी छत्रीच्या मागच्या काठाच्या दोन टोकांना दोन दोऱ्या असतात. खेचल्या की मागचा काठ खाली वळतो आणि छत्रीचा वेग कमी होतो. बांधतानाच या दोऱ्या थोड्या खेचून, दोरीतल्या फासात ओढायची मूठ अडकवून ठेवायच्या असतात, म्हणजे छत्री उघडल्या उघडल्या पुढं झेपावत नाही. विमानातून उडी मारणाऱ्याला तेवढं पुरतं, कारण त्याच्या चारी बाजूंना आभाळ असतं.

“पण मांगं डोंगर असन तं?” भाऊ म्हणाले. “छत्री उघडली अन् तोंड डोंगराकडं झालं तं? सुटली का ते सरळ दगडावर. हात वर करतपर्यंत माणूस गेला.”

असा एक जण गेला होता. फौजेतला, विशीतला पोरगा. उडी विमानातूनच होती, पण वाऱ्यानं त्याला टेकडीकडे नेलं आणि त्यानं छत्री उघडली ती कड्यापाशी, कड्याकडे तोंड करून. ती छत्री भाऊंनी बांधली होती. चौकशीत सगळं चोख निघालं. दोष कुणाचाच नव्हता.

“माह्या बांधण्यात चूक नाई, असं कागदावर लिहून देलं मले,” ते म्हणाले. “छत्री बरोबर उघडली, अन् माणूस मेला. मंग मी बांधलं काय?”

परदेशात माणसं हौसेनं कड्यावरून उड्या मारतात, असं त्यांना एका जुन्या अधिकाऱ्यानं पाठवलेल्या मासिकाच्या पानांतून कळलं होतं. त्यांतले बरेच तसेच आपटत होते. भाऊंचं म्हणणं साधं होतं. दोरीतला फास आणखी खाली घ्यायचा, म्हणजे ब्रेक जास्त लागेल आणि छत्री उघडताच जवळजवळ जागच्या जागी लटकेल. तोंड डोंगराकडं झालं तरी माणसाला वळायला दोन क्षण मिळतील. पण फास फारच खाली गेला तर छत्री मागं लोटते, कोसळते. मग तो नेमका किती खाली घ्यायचा?

“ते कोनाले ठावं नाई,” ते आनंदानं म्हणाले. “तेच पाहाचं हाये.”

पाहण्यासाठी त्यांनी ‘धाकटा’ तयार केला. धाकटा म्हणजे वाळूचं पोतं, बरोबर भाऊंच्या वजनाचं. बाईंनी त्याला भाऊंचा जुना खाकी शर्ट शिवून दिला होता. दर रविवारी कोलामगुड्यावरचा, म्हणजे जवळच्या आदिवासी वस्तीतला, एक म्हातारा गाडीवान धाकट्याला बैलगाडीतून डोंगराच्या मागच्या उतारानं वर न्यायचा. त्याला हे बिलकूल पसंत नव्हतं. धाकट्याला टाकायची वेळ आली की तो बैलांकडे तोंड करून उभा राहायचा. “शर्ट घातलेल्याले ढकलत नसते, भाऊ,” असं म्हणायचा, आणि पुढच्या रविवारी गाडी जुंपून हजर असायचा.

वर झाडाला दोरी बांधलेली असे, धाकटा पडला की ती छत्री ओढून उघडायची. पण वरून काही दिसत नसे, कड्याचं पोट आड येई. म्हणून खाली मी. दुर्बीण कड्यावर लावायची, डोळा लावून तयार झालो की पांढरं निशाण वर करायचं. निशाण दिसलं की भाऊ धाकट्याखालची फळी उचलून त्याला ढकलणार. छत्री उघडताना तोंड कुठं होतं, किती वळली, हे मी वहीत लिहायचं. पाऊण तासानं भाऊ उतरून यायचे आणि आधी धाकट्यापाशी बसायचे.

“लागलं का रे तुले?” मग माझ्याकडे वळून, “पाह्यलं?”

“पाह्यलं.”

“काय पाह्यलं?”

मग मी वाचून दाखवायचं. नियम दोनच होते. जे पाहिलं तेच लिहायचं. पाहिलं नसेल तर ‘नाई पाह्यलं’ असं लिहायचं, त्यात लाज नाही. आणि ज्याची नोंद, त्यानंच ती दुरुस्त करायची. दुसऱ्यानं तिला हात लावायचा नाही, खुद्द भाऊंनीसुद्धा. एकदा माझ्या नोंदीत तारीख चुकली, ती त्यांना दिसली, पण त्यांनी वही चार किलोमीटर सायकलनं माझ्या खोलीवर आणली आणि दारात उभं राहून पेन्सिल पुढं केली.

फास चार बोटं खाली, मग पाच बोटं, मग सात बोटं. सात बोटांना छत्री मागं लोटली आणि धाकटा धाडकन पडला. सहा बोटं बरोबर बसली. सोळा रविवार असे गेले. सोळाव्याला उजवीकडची ब्रेकची दोरी दगडाला घासून तुटली, तेव्हा भाऊंनी दुसऱ्या लडीतली दोरी घातली. दिसायला सारखी, मापाला सारखी. “नवी दोरी हाये, एक डाव धाकट्याले पाठवून पाहू,” ते म्हणाले. “सरळ गेला तं पुढच्या रविवारी मोठा भाऊ.”

म्हणजे ते स्वतः. हे मला माहीत होतं. सतरावी खेप त्यासाठीच होती.

त्या सकाळी काय झालं ते मी आजवर फक्त एकाच माणसासमोर बोललो आहे. काहीच झालं नाही. कुणी आलं नाही, कुणी बोलावलं नाही. मला बिडी ओढायची होती. वारा पडला होता आणि भाऊंना पडलेला वारा हवा असायचा, म्हणून मी निशाण वर केलं. ते फळीपाशी बसतील, धाकट्याला हात लावतील, तेवढा वेळ आहे असं मी धरलं. अंदाजे. काडी विझली, दुसरी पेटवली. वर पाहिलं तेव्हा छत्री जमिनीला टेकत होती.

धाकटा कड्याच्या अगदी बुडाशी पडला होता. इतर वेळी तो पन्नास-साठ पावलं पुढं येऊन पडायचा.

मी त्याच्यापाशी गेलो. वाऱ्यानं नेलं असेल, असं स्वतःला सांगितलं. वारा पडला होता हे मला माहीत होतं. ‘नाई पाह्यलं’ लिहिलं असतं तर फार तर आणखी एक रविवार गेला असता. पण सोळा नोंदींत माझा एकही ‘नाई पाह्यलं’ नव्हता. मी धाकट्याच्या काखेत हात घालून त्याला खडकाळ जमिनीवरून उलटा ओढत पुढं आणला, नेहमीच्या जागी उताणा ठेवला, छत्री पसरली आणि वहीत लिहिलं, ‘सरळ’.

भाऊ उतरून आले. त्यांनी धाकट्याच्या छातीवरची धूळ झटकली.

“पाह्यलं?”

“पाह्यलं.”

“काय पाह्यलं?”

“सरळ.”

त्यांनी दोन्ही दोऱ्या जमिनीवर बाजूबाजूला ठेवून मापल्या. दोन्ही सारख्या भरल्या.

पुढच्या रविवारी मी डोळा दुर्बिणीला लावला आणि मगच निशाण वर केलं. यावेळी मी सगळं पाहिलं. दुर्बिणीत ते बोटाएवढे दिसत होते. ते कड्यावरून निघाले, छत्री उघडली, आणि झटका बसताच उजवी बाजू पुढं सरकली. छत्री डावीकडे वळली, वळतच राहिली, आणि त्यांचं तोंड डोंगराकडं आलं. त्यांचा उजवा हात वर गेलेला दिसला. मग ते कड्याला धडकले. पाय पुढं होते. छत्री हळू होती, त्यांनी तिला हळू केली होती, म्हणून ते घासत खाली आले आणि बुडाशी कुड्याच्या झुडपांत अडकले.

मी धावत पोहोचलो तेव्हा त्यांचा डावा पाय नको त्या बाजूला वळलेला होता. चेहरा चुन्यासारखा झाला होता.

“लिहिलं?” त्यांनी विचारलं.

“भाऊ, तुमी बोलू नका.”

“लिही आधी. डावीकडं. अर्धा फेरा. धडकला, पण हळू.” मग डोळे मिटून म्हणाले, “हळू लिहिलं का?”

मी लिहिलं. वहीच्या शेवटच्या पानावर, कारण नोंदींचे आकडे फक्त धाकट्याच्या खेपांचे होते.

गाडीवान म्हाताऱ्यानं त्यांना धाकट्याच्या जागी गाडीत निजवलं आणि वाटेत एकच वाक्य बोलला, “मी सांगलो होतो, शर्टवाल्याले ढकलू नये.” भाऊ हसले. त्या पायानं, त्या रस्त्यावर, ते हसले.

दवाखान्यात बाईंनी त्यांच्या उशाशी बसून विचारलं, “हवालदार, छत्री बांधणारा कोन होता?”

“मीच.”

“मंग पकडा त्याले आता.”

मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. भाऊंनी मला जवळ बोलावलं. आवाजात काही वेगळं नव्हतं.

“दुर्बीणवाल्या, सतरावी तू पाह्यली ना?”

इथं माझी दुसरी संधी होती. मी म्हणालो, “पाह्यली.”

त्यांनी मान हलवली. “मंग माह्याच समजण्यात कुठी तरी चूक हाये.” आणि त्यांनी आपले हात चादरीवर ठेवून उलटसुलट करून पाहिले, जसे दुसऱ्याचे असावेत तसे.

चार महिन्यांत मी ती नोकरी सोडली. ब्रह्मपुरीकडे पाटबंधाऱ्याच्या सर्वेक्षणात लागलो. लग्न झालं, मुलगी झाली. भाऊंचा पाय आखूड झाला, कारखाना सुटला, ते घरी बसून ट्रकच्या ताडपत्र्या शिवतात, एवढं कानावर यायचं. मी गेलो नाही. पाच वर्षांत मी माझ्या कामाची एकही वही दोनदा तपासल्याशिवाय दिली नाही, आणि साहेब मला फार काटेकोर माणूस म्हणायचे. ते ऐकलं की मला जेवण जायचं नाही. शेवटी एका रात्री बायकोला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “हे मले सांगून काय फायदा? मी पडली होती का कड्यावरून?”

गडचांदूरच्या स्टँडवर उतरलो तर टपावरच्या बोचक्यांकडे पाहत भाऊ काठी टेकून उभे होते. आता त्यांना वर चढता येत नव्हतं, ते खालून कंडक्टरला सांगत होते, “तसी नाई, उलटी. उलटी गाठ मार, लेका.” मला पाहिलं.

“आलास,” ते म्हणाले, जणू मी चहा प्यायलाच गेलो होतो.

घरी बसल्यावर मी पाण्याचा पेला हातात धरूनच सांगायला सुरुवात केली. “भाऊ, सतरावी नोंद –”

“थांब,” ते म्हणाले. “बाई, वही आन.”

बाईंनी पेटीतून वही आणली. पानात पेन्सिल होती. वही उघडली ती सतराव्या नोंदीवरच, पान तिथं इतकी वर्षं दबून गेलेलं होतं. पेन्सिलीला धारदार टोक होतं.

“तुमाले ठावं होतं,” मी म्हणालो.

“आधी मले, मंग ह्यांले,” बाई म्हणाल्या. “हे दवाखान्यात होते तवा मी धाकट्याचा शर्ट धुवाले काढला. पाठ सारी फाटलेली. पोतं वरून पडते, बाप्पा, पाठीनं घासत चालत नाई. मी ह्यांले दाखवली.”

“मंग मले काऊन नाई बोलावलं? काऊन नाई विचारलं?”

“विचारलं होतं दवाखान्यात,” भाऊ म्हणाले. “तू सांगतलं, पाह्यली. मंग शर्ट पाह्यला. दोऱ्या पुन्हा काढल्या, वजन टांगून झटका देऊन पाह्यल्या. नवी दोरी झटक्यानं ताणते, मंग जाते जागेवर. जमिनीवर मापलं तं कधीच दिसलं नसतं. हवेतच दिसलं असतं. सतराव्याले. दोन्ही दोऱ्या एका लडीतल्या घातल्या मी. पाच वर्सं झाले, छत्री तयार हाये.”

“मंग अठरावी?”

“सतरावी झाली नाई तं अठरावी कसी करू? अन् ते नोंद माही नोहे.”

त्यांनी पेन्सिल पुढं केली. माझ्या जुन्या खोलीच्या दारात केली होती तशीच. मी ‘सरळ’वर आडवी रेघ मारली, पुढं ‘नाई पाह्यलं’ लिहिलं, खाली सही केली. मला वाटलं होतं ते काही बोलतील. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी अक्षर नीट आहे का तेवढं पाहिलं. बाई मात्र बोलल्या, “पाच वर्सं हा मानूस ह्या पेन्सिलीले टोक करून राह्यला. एखांद पोस्टकार्ड तं टाकाचं होतं, भाऊ.”

पुढच्या महिन्यात मी ऑफिसातून दुर्बीण मागून घेतली आणि खोक्यासकट बसमध्ये मांडीवर धरून गेलो. धाकट्याला नवा शर्ट होता. गाडीवान म्हातारा होता, बैल बदललेले होते. भाऊ गाडीतून वर गेले, काठी आणि धाकटा शेजारी शेजारी.

मी दुर्बीण लावली. डोळा लावला. खिशात बिडी नव्हती. निशाण वर केलं.

धाकटा सुटला, आणि त्याच क्षणी कड्यावरून एक गिधाड उठलं आणि पंख पसरून माझ्या दुर्बिणीच्या बरोबर मधून गेलं. काळोख झाला. तो सरला तेव्हा छत्री उघडून आरामात माझ्याकडे तोंड करून येत होती. धाकटा साठ पावलं पुढं पडला. सरळच उघडली असणार. कुणीही सांगितलं असतं.

पाऊण तासाऐवजी दीड तासानं भाऊ खाली आले. उतरताना गाडी त्यांना मानवत नसे, चालतच आले. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. धाकट्यापाशी बसले, त्याची पाठ उलटून पाहिली, मग माझ्याकडे वळले.

“पाह्यलं?”

“नाई पाह्यलं,” मी म्हणालो. “उघडताना गिधाड आडवं आलं.”

त्यांनी कड्याकडे पाहिलं. मग आपल्या पायाकडे. मग माझ्या हातातली वही घेऊन अठराव्या ओळीत काय लिहिलंय ते वाचलं, आणि ती मला परत दिली.

“म्हाताऱ्या,” त्यांनी गाडीवानाला हाक मारली, “बैल सोडू नको. पुन्हा वर जाचं हाये.” आणि छत्रीपाशी गुडघे टेकायला ते हळूहळू खाली वाकले. त्यांनी पहिली घडी घातली तसा मी तोंड मिटून घेतलं.